मदत हवी आहे: हुक्केरीजवळच्या रानातल्या कपच्या माणसाने काढलेल्या की नांगराने फुटलेल्या?

मंडळी, आमचं रान घटप्रभेच्या काठी, हुक्केरी तालुक्यात. नांगरटीनंतर वर आलेल्या गारगोट्यांत काही कपच्या वेगळ्या दिसल्या: बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी-करड्या, मेणासारख्या चकाकीच्या. काचेवर ओरखडा उठतो, लिंबाच्या रसाने फेस येत नाही, पातळ कड उजेडात अर्धपारदर्शक दिसते. म्हणजे चुनखडी नव्हे. चर्ट किंवा कॅल्सेडनी, म्हणजे गारेच्या जातीचा कठीण दगड असावा.

चर्ट फुटताना शिंपल्यासारखी वळणं पडतात आणि धार निघते, म्हणूनच अश्मयुगात तो वापरला गेला. पण नांगराच्या फाळानेही तो तसाच फुटतो, तिथेच माझं अडतं. काहींच्या एका टोकाला घावाचा फुगवटा (ठोका बसतो तिथे उठणारा उंचवटा) आहे, दोन-तीन पात्यांच्या, म्हणजे लांबट कपच्यांच्या, पाठीवर समांतर धारा आहेत. काही घाव ताजे, चकचकीत. काहींवर पांढुरकी साय चढली आहे.

जवळ फक्त भिंग आहे. विकायचं काही नाही. जागा खुणावून फोटो काढले, आणखी काही उचललेलं नाही, खणणारही नाही. पेरणी मात्र तोंडावर आली आहे.

फुगवटा आणि समांतर धारा एवढ्यावरून सूक्ष्मास्त्र (अश्मयुगातलं बारीक दगडी हत्यार) म्हणता येईल का, की कडेचं बारीक टवके काढलेलं काम दिसायलाच हवं? आणि बेळगाव भागात ही जागा कुठल्या कार्यालयात कळवायची?