हेडलाइटमध्ये एचआयडी किट टाकावं का? पार्किंग ग्रुपवरची चर्चा

ए-१०३: नमस्कार मंडळी. माझ्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड फारच कमी पडतोय. रात्री हायवेला समोरून गाडी आली आणि डिप्पर (खालचा झोत) केला की रस्त्याची कडाच दिसेनाशी होते. एचआयडी किट (फिलामेंटऐवजी विजेच्या ठिणगीने उजेड देणारे झेनॉन दिवे) टाकायचं मनात आहे, ६००० केल्विनवालं. कुणी बसवलंय का? अनुभव सांगा.

ए-६०४: मी एलईडी बसवलेत. पांढराशुभ्र उजेड पडतो. जुन्या पिवळट बल्बकडे परत जावंसं वाटत नाही. टाक बिनधास्त.

डी-३०३: हॅलोजनमध्येच १००/९० वॅटचे (अप्पर/डिप्पर) बल्ब मिळतात. होल्डर तोच, बदलायला पाच मिनिटं. किट कशाला?

बी-४०१: ए-६०४, राग मानू नका, पण तुमची गाडी रात्री गेटमधून आत वळते तेव्हा मला काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. मोतीबिंदूची सुरुवात आहे माझी, तेही कारण असेल. पण इतर गाड्यांच्या बाबतीत एवढं होत नाही. परवा मुलं तिथेच सायकल खेळत होती म्हणून आवर्जून लिहितोय.

ए-६०४: काका, राग कसला! पण मी सोसायटीत कायम डिप्परवरच असतो. अप्पर कधीच लावत नाही.

सी-२०२: तुम्हा दोघांचंही बरोबर आहे. डिप्परवर असूनही समोरच्याचे डोळे दिपतात, कारण बल्ब बदलल्यावर तो डिप्पर डिप्परसारखा राहिलेलाच नसतो. नोकरी वाहनांच्या दिव्यांमध्येच झाली आहे माझी, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एच-४ आणि एच-७ हे हॅलोजन बल्बचे प्रकार. एच-४ बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन फिलामेंट असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली वाटीच्या आकाराचा छोटासा पत्रा असतो. खाली जाणारा प्रकाश तो अडवतो, त्यामुळे डिप्परवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि तिथून परतलेला प्रकाश खाली रस्त्यावर उतरतो. भिंतीवर जी स्वच्छ आडवी रेघ दिसते, खाली उजेड आणि वर अंधार, ती त्या पत्र्यामुळे. अप्परचं फिलामेंट उघडं असतं आणि अख्खा रिफ्लेक्टर वापरतं. एच-७ मध्ये हा पत्रा नसतो, पण तिथे रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग फिलामेंट नेमकं कुठे आहे ते धरून घडवलेला असतो. ही जागा मिलिमीटरच्या हिशेबात ठरवलेली असते.

आता त्याच जागी एचआयडीची कुपी बसवली की तिच्यात फिलामेंट नसतं, विजेची ठिणगी सतत पेटलेली असते. तिचा आकार वेगळा, तिच्या भोवतीचा झगझगाट वेगळा. शिवाय प्रकाश कितीतरी जास्त. ल्युमेन म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप. एच-४ चा डिप्पर साधारण १००० ल्युमेन, एच-७ साधारण १५०० ल्युमेन, आणि ३५ वॅटचा झेनॉन साधारण ३२०० ल्युमेन. म्हणजे वाट चुकून वर जाणारा प्रकाशही त्याच पटीत वाढतो, आणि तो सरळ समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. काकांना गेटवर जे होतं ते हेच.

बी-२०५: पण दादा, कंपनीतूनच झेनॉन लावून येणाऱ्या गाड्या असतात की. त्यांचा त्रास नाही होत फारसा.

सी-२०२: ताई, नेमका हाच फरक आहे. त्या गाड्यांमध्ये दिवा आणि बल्ब एकमेकांसाठी बनवलेले असतात. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) असतो, त्यात रेघ पाडणारा पत्रा लेन्सच्या मागे असतो. जिथे झेनॉन रिफ्लेक्टरमध्ये वापरला जातो तिथल्या डी-२-आर बल्बच्या काचेवर ठराविक जागी अपारदर्शक पट्टे रंगवलेले असतात, प्रकाश अडवायला. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ४८ व्या नियमात तर डिप्परचा प्रकाशस्रोत २००० ल्युमेनच्या वर असेल तर हेडलाइट धुणारी यंत्रणा आणि आपोआप उंची सांभाळणारी यंत्रणा अशा दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. धूळ बसली तरी प्रकाश फुटून वर जातो, मागे सामान भरलं तरी गाडीचं नाक वर होतं, म्हणून. बाजारातलं किट यातलं काहीच देत नाही. एक कुपी, एक बॅलास्ट (कुपीला हवी तशी वीज देणारा डबा) आणि थोडी वायर, बस्स. आणि तो बॅलास्ट दिवा पेटवताना २०,००० व्होल्टच्या वर जातो. बॉनेटखालच्या ओल्या जागेत, घाईत जोडलेल्या वायरींसोबत हे मला अजिबात पटत नाही.

ए-६०४: एचआयडीचं समजलं. पण माझं तर एलईडी आहे. चिप अगदी फिलामेंटच्या जागीच असते असं खोक्यावर लिहिलंय. आणि मला खरंच जास्त दिसतं, हे खोटं कसं मानू?

सी-२०२: खोटं नाहीच. एलईडी किट एचआयडीपेक्षा बऱ्यापैकी जवळ जातं, चांगल्या बनावटीचं तर अजूनच. तरीही फिलामेंट चहूबाजूंनी प्रकाश फेकतं आणि चिप दोन बाजूंना, मधे पट्टीची जाडी. बल्ब होल्डरमध्ये थोडा फिरलेला असला तरी आकृती बिघडते. मागच्या पंख्यामुळे रबरी झाकण बसत नाही म्हणून काही जण ते काढूनच टाकतात आणि मग हेडलाइटच्या आत धूळ-पाणी जातं.

जास्त दिसण्याबद्दल मात्र एक लक्षात घे. उजेड कुठे वाढला, ते बघायला हवं. बहुतेक किटमध्ये गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात. तिथला रस्ता लख्ख दिसला की आपल्याला सुरक्षित वाटतं. पण जवळचा उजेड जेवढा प्रखर, तेवढी डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं, अंधुक उजेडातलं दिसणं कमी होतं. ताशी ८० च्या वेगाने सेकंदाला २२ मीटर जातो आपण. दीड सेकंद प्रतिक्रियेला धरला तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत ३३ मीटर संपतात, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ४० च्या आसपास लागतात. म्हणजे ७० मीटरच्या पुढची वस्तू दिसायला हवी. पंधरा मीटरवरचा लखलखाट त्या वेळी काही कामाचा नाही.

डी-३०३: म्हणजे माझं १००/९० च बरं की. हॅलोजनच आहे, फिलामेंट जागेवरच.

सी-२०२: फिलामेंट जागेवर, पण वायर जागेवर राहायची नाही. डिप्परच्या ५५ वॅटला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, ९० वॅटला साडेसातच्या आसपास. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५५ च्या जागी ९० आला की अडीचपटीपेक्षा जास्त. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग वितळतं. रिफ्लेक्टरची चकाकी उडते आणि ती गेली की कुठलाही बल्ब लावा, उजेड मिळत नाही. आणि फ्यूज उडतोय म्हणून कुणी मोठा फ्यूज टाकून देईल तर ते कृपा करून करू देऊ नका. फ्यूज वायर वाचवायला असतो.

ए-१०३: मग मी करू काय? उजेड कमी पडतोय हे तर खरं आहे ना. अंधारात तशीच चालवू का?

सी-२०२: अजिबात नाही. तुझी अडचण खरी आहे आणि ती सुटायलाच हवी. फक्त आधी उजेड कमी का झाला ते शोधू. गाडी नवी असताना असा त्रास होता का?

ए-१०३: नाही. दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढला.

सी-२०२: मग बल्बचा प्रकार बदलायची गरजच नाही बहुतेक. हेडलाइटची काच बघ. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. तो उन्हाने गेला की प्लास्टिक पिवळं आणि धुरकट होतं. अशा काचेतून उजेड कमी बाहेर पडतो, आणि जो पडतो तो विखुरतो.

बी-२०५: माझ्या गाडीचं तंतोतंत हेच आहे! टूथपेस्टने घासून बघितलं, आठवडाभर बरं वाटलं.

सी-२०२: टूथपेस्टने वरवरचं निघतं, ताई. नीट करायचं तर पाणी मारत पॉलिश पेपरने घासायचं, ८०० पासून सुरू करून १०००, मग २०००, मग पॉलिश, आणि शेवटी अतिनील-रोधक क्लिअर कोट. हा शेवटचा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. काम करून घेताना तोंडावर विचारा, कोट देणार का? नुसतं चकचकीत करून देणारे बरेच असतात.

ए-१०३, तुझ्यासाठी दुसरं काम: व्होल्टेज मोजायचं. इंजिन चालू, डिप्पर चालू, आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर. समजा बॅटरीवर १३.८ आलं आणि होल्डरवर १२.४. दिसायला फरक फक्त दहा टक्क्यांचा, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे जवळजवळ तीस टक्के उजेड वाटेतच गेला. बारीक वायर, अर्थिंगची गंजलेली जोडणी, जुना झालेला स्विच, कुठेही जातो तो. उपाय रिलेचा (विजेवर चालणारा स्विच): बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, अर्थिंगची वायरही जाड. जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करतो, बल्बचा करंट त्याच्यातून जातच नाही. माझ्या मते हेडलाइटवर खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करावा. फक्त मूळ वॅटचाच बल्ब ठेवायचा.

ए-१०३: आणि बल्ब? त्याच वॅटमध्ये १३० टक्के जास्त उजेड, १५० टक्के जास्त उजेड असे असतात ते?

सी-२०२: चांगल्या कंपनीचे घेतलेस तर उपयोग होतो. फिलामेंट जास्त तापतं, वायू जास्त दाबाचा असतो. पण ते १३० टक्के नियमातल्या किमान उजेडाशी तुलना करून सांगतात, तेही झोताच्या एका भागापुरतं. दुप्पट दिसेल अशी अपेक्षा नको. आयुष्यही कमी असतं. दोन्ही बल्ब एकदम बदलायचे आणि काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल तापून काच तिथेच खराब होते.

निळसर बल्ब मात्र घेऊ नकोस. त्या काचेवरचा निळा थर उजेड गाळूनच कमी करतो. केल्विनचा आकडा रंगाचा आहे, उजेडाचा नाही. हॅलोजन ३२०० च्या आसपास, कंपनीच्या गाडीतला झेनॉन सहसा ४३०० च्या आसपास. ६००० आणि ८००० ला रंग निळसर होत जातो, दिसणं वाढत नाही. समोरच्याला मात्र तेवढ्याच उजेडात निळसर रंग जास्त खुपतो.

डी-३०३: मंजुरी असलेले एलईडी बल्ब पण आलेत ना आता?

सी-२०२: आलेत. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर परवानगी मिळाली. पण ती सरसकट नाही. कोणत्या गाडीच्या कोणत्या हेडलाइटमध्ये तो बल्ब तपासला गेलाय, त्याची यादी असते, आणि परवानगी त्या यादीपुरतीच. म्हणजे त्यांनीही जोडीच तपासली. किट घेताना खोक्यावर ल्युमेनचा मोठा आकडा असतो, पण तुमच्या दिव्यात तो बल्ब तपासल्याचा कागद नसतो.

ए-६०४: आज रात्री बेसमेंटच्या भिंतीवर बघतो. काय बघायचं?

सी-२०२: भिंतीपासून १० मीटरवर, सपाट जागेत गाडी लाव. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर टेपने खूण कर. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची रेघ त्या खुणेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली यायला हवी. आपल्या कडेच्या बाजूला ती थोडी वर चढते, ते बरोबर आहे, पाट्या आणि पायी चालणारे दिसावेत म्हणून. जुने हॅलोजन जपून ठेवले असतील तर एका बाजूला तो लाव, दुसऱ्या बाजूला एलईडी, आणि एकेक झाकून बघ.

ए-६०४: बघून आलो. हॅलोजनची रेघ स्पष्ट आहे. एलईडीची आहे, पण तिच्या वर बराच उजेड पसरतो, छतावरच्या पाइपपर्यंत जातो. रेघही खुणेच्या वर आहे. हे मला आजवर दिसलंच नव्हतं, कारण ड्रायव्हरच्या सीटवरून कळतच नाही. काका, सध्या हॅलोजन परत लावतोय. एक मात्र सांगतो, रस्त्याच्या दोन्ही कडा एलईडीत जास्त दिसायच्या, ते मला कमी वाटणार.

सी-२०२: वाटेल, आणि ती गरज खरी आहे. झोत नीट खाली आणि सरळ केला की त्यातलं थोडं परत मिळेल. तेवढ्याने भागलं नाही तर तुझ्या मॉडेलचा वरच्या व्हेरिएंटमधला पूर्ण हेडलाइट मिळतो का बघ. दिवा आणि प्रकाशस्रोत एकत्र बदलला तर माझी काहीच हरकत नाही. फक्त वायरिंग आणि उंची जुळवणं त्यासोबत करून घे.

बी-४०१: बरं वाटलं वाचून. बेसमेंटमधली भिंतीसमोरची माझी जागा उद्या रात्री साडेनऊनंतर मोकळी ठेवतो, ज्यांना झोत तपासायचा असेल त्यांनी यावं.

ए-१०३: मी येतो काका. मीटर पण आणतो. दादा, येताना काही तयारी?

सी-२०२: टायरमध्ये हवा बरोबर हवी, डिकी रिकामी आणि आत फक्त ड्रायव्हर. आणि डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर ते ० वर ठेव.

बी-२०५: ते चाक हेडलाइटचं असतं? मी कधी हातच नाही लावला त्याला.

सी-२०२: हो ताई, झोत खाली करायचं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडी मागून दबते आणि झोत वर जातो. तेव्हा २ किंवा ३ वर न्यायचं, गाडी रिकामी झाली की परत ०. नक्की कधी कोणता आकडा, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.