डेन्व्हरला मुक्काम हलतोय, मियाटा विकू की नेऊ?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. नोकरीपायी जुलैत न्यू जर्सीहून डेन्व्हरला जातोय. माझी २०१९ ची माझदा मियाटा आहे, मॅन्युअल गियरची, कापडी टपाची. दोन लिटर, १८१ हॉर्सपॉवर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. ऑफिसातला एकजण म्हणतो, तिकडे हवा विरळ, गाडी मरतुकडी होईल, विकून टर्बोवालं काहीतरी घे. एवढा फरक पडतो का? मनातून विकायची नाहीये, हे आधीच सांगून टाकतो.

गियरबदलू:
पडतो. टर्बो नसेल तर दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे तुमच्या १८१ मधले दीडशेच्या आसपास हाती राहतील. सिलिंडर तेवढाच, पण प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी, मग कॉम्प्युटर पेट्रोलही बेतानेच सोडतो. माझा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) जर्सीत हवेचा दाब १०१ किलोपास्कल दाखवायचा, इथे ८३-८४. त्यात ऊन. पारा ३५ वर गेला की विमानवाल्यांच्या हिशेबात इथली हवा जवळजवळ नऊ हजार फुटांवरची होते. अशा दुपारी हायवेच्या रॅम्पवर चौथ्या गियरमध्ये पाय दाबून काही होत नाही, मुकाट तिसरा टाकायचा. मी कंटाळून टर्बोवाली गोल्फ जीटीआय घेतली.

डोंगरवेडा:
निम्मं पटलं. टर्बोलाही फुकट काही मिळत नाही. तेवढाच दाब गाठायला त्याला जास्त गरगरावं लागतं, हवा जास्त तापते, लॅग (पाय दाबल्यापासून ताकद येईपर्यंतचा उशीर) वाढतो. आणि इथल्या डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) आकड्यांवर भाळू नका. ते समुद्रसपाटीचं करेक्शन लावलेले असतात, टर्बो गाडीला तर त्यात उगाच सूज येते.

मियाटा ७,५०० आरपीएमपर्यंत फिरते, फिरवा की! घाटात गेलेले तीस घोडे आठवणारसुद्धा नाहीत. (लव्हलँड पासला आठवतील. तो जवळपास १२,००० फुटांवर आहे.)

पैसे टायरांवर घाला. समर टायर ७ अंशांखाली लाकूड होतात. शिवाय आय-७० हायवेच्या डोंगरपट्ट्यात सप्टेंबर ते मे टायरचा कायदा आहे, समर टायरवर गेलात तर साखळ्या जवळ हव्यात. हिवाळ्याचा वेगळा सेटच घ्या. इथे सकाळ-दुपारमध्ये वीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि दर साडेपाच अंशांना टायरमधला दाब साधारण एक पीएसआय हलतो. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. खिंडीत चढल्यावर गेज वाढलेला दिसला तर घाबरून हवा सोडू नका. बाहेरचा दाब कमी झालेला असतो, मागच्या सीटवरचं चिवड्याचं पाकीट फुगतं ना, तसंच.

मीनल_को:
पंपावर इथे सगळ्यात स्वस्त म्हणून ८५ ऑक्टेनचं पेट्रोल दिसेल. विरळ हवेत कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांना ते चालून जायचं, त्या काळचं ते उरलंय. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत जे ऑक्टेन दिलंय त्याच्या खालचं भरू नका.

आणि अहो, एवढी फिजिक्स झाली, गारांचं कोणीच बोललं नाही! मे ते जुलै इथे गारा पडतात. माझी गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये होती, दहा मिनिटांत बॉनेटचं आप्पेपात्र झालं. तुमचं तर कापडी टप.

गियरबदलू:
मीनलताईंना +१. हे मीच आधी लिहायला हवं होतं.

एडिसनकर:
सगळ्यांचे आभार. गाडी विकत नाही. जुन्या समर टायरांचं आयुष्य तसंही संपलंय, तिथे पोचलो की दोन सेट घेईन. बायकोने धागा वाचला, तिला फक्त आप्पेपात्र लक्षात राहिलं. आता अट अशी आहे की बंद गराज असेल तरच घर घ्यायचं. ऑरोरा किंवा सेंटेनियलच्या बाजूला भाड्याने असं काही कोणाच्या पाहण्यात आहे का?