शब्दचर्चा: मुनाझरा, तहरीफ, हुज्जत

प्रश्न
आग्र्यात १० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी ख्रिस्ती पाद्री कार्ल फांडर आणि मुस्लिम विद्वान मौलाना रहमतुल्लाह कैरानवी धर्मावर वाद करायला समोरासमोर बसले. उर्दूत अशा बैठकीला 'मुनाझरा' म्हणतात. मराठीत काय लिहावं? 'वादविवाद' म्हटलं की शाळेची स्पर्धा आठवते, 'शास्त्रार्थ' म्हटलं की पंडितांची सभा. शिवाय 'तहरीफ'ला (बायबलमध्ये बदल झाल्याचा मौलानांचा आक्षेप) 'भ्रष्ट करणे' चालेल का?

प्रतिसाद १
मुनाझरा 'नजर'च्याच धातूतून आला. घडण 'मुकाबला', 'मुलाखत' यांसारखी, म्हणजे दोघांनी एकमेकांशी करायची क्रिया. त्याचं स्वतःचं शास्त्रही आहे: एक बाजू प्रमाण देऊन सिद्धांत मांडते, दुसरी (साइल) फक्त आक्षेप घेते. म्हणून 'वादी-प्रतिवादी' नको, ते थेट कोर्टात नेतात. न्यायदर्शनातला (जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला) 'वाद' अर्थाने अगदी जवळचा, पण आज 'वाद घातला' म्हणजे भांडण. 'वादसभा' लिहा. पहिल्या वेळी कंसात मुनाझरा द्या.

प्रतिसाद २
उर्दू वृत्तांत वाचताना 'हुज्जत'पाशी थांबा! अरबीत हुज्जत म्हणजे प्रमाण, पुरावा. मौलानांनी 'हुज्जत पेश केली' याचा अर्थ त्यांनी पुरावा मांडला. आपण 'हुज्जत घातली' लिहिलं तर एका विद्वानाला आपण बाजारातल्या घासाघिशीत उभं करतो. 'तकरार'चंही तसंच, मुळात ती पुनरुक्ती. 'दलील' (युक्तिवाद) मात्र जशीच्या तशी चालते.

प्रतिसाद ३
तहरीफला 'भ्रष्ट करणे' अजिबात नको, कारण आग्र्याची सगळी सभा याच शब्दावर अडली. 'हर्फ' म्हणजे कडा आणि अक्षरही. तहरीफ म्हणजे मूळ जागेवरून वळवणं. तिचे दोन प्रकार मानतात: लफ्झी, म्हणजे शब्दच बदलणं, आणि मानवी, म्हणजे शब्द तेच ठेवून अर्थ फिरवणं. (हे 'मानवी' मानवाचं नव्हे, 'मानी'चं, म्हणजे अर्थाचं. मराठीत 'अर्थगत' लिहिलेलं बरं.)

कैरानवींच्या बाजूला डॉ. वझीर खान होते. त्यांनी युरोपातल्याच बायबल-संशोधकांचे ग्रंथ पुढे केले. योहानाच्या पहिल्या पत्रातलं त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच असल्याचं, वचन (५:७) जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. अशा सात-आठ ठिकाणी पाठ बदलल्याचं फांडर यांनी मान्य केलं. पण त्यांच्या लेखी ती नकलनवीसांची चूक होती, 'सह्व-ए-कातिब'. 'मतन', म्हणजे मूळ संहिता, आणि शिकवण शाबूत होती. समोरचे म्हणाले, चुकून असो वा मुद्दाम, बदल झाला म्हणजे तहरीफ झालीच, आणि असा ग्रंथ प्रमाण म्हणून कसा धरायचा?

आता 'भ्रष्ट करणे' घालून पाहा. त्यात हेतू आला, पापही आलं. 'फांडर यांनी बायबल भ्रष्ट झाल्याचं मान्य केलं' असं वाक्य तयार होतं, आणि ते खोटं आहे. उलट सगळीकडे 'पाठभेद' लिहिलं तर मौलानांचा आक्षेपच बोथट होतो. 'फेरफार' घ्या आणि गरजेप्रमाणे 'हेतुपुरस्सर' किंवा 'नजरचुकीचा' जोडा. दोन्ही पक्षांनी आपापले वृत्तांत छापले. या एका शब्दामुळे दोघांनाही आपली बाजू राखल्यासारखं वाटलं.

प्रतिसाद ४
'नस्ख'ही त्याच सभेतला, पहिल्या दिवसाचा विषय. नंतरच्या आज्ञेने आधीची आज्ञा उठणं. कायद्याच्या मराठीतलं 'निरसन' इथे चपखल बसतं. 'रद्द' टाळा, कारण 'रद्द' हा तिथे खंडनपर लेखनाचा शब्द आहे. नक्कल करणं हाही नस्खचाच अर्थ. नस्ख लिपी आणि 'नुस्खा' त्यातूनच आले.

'इंजील' मात्र भाषांतरात घालवू नका. मौलानांच्या तोंडी ती ईसांना (येशूंना) मिळालेली किताब, फांडर यांच्या तोंडी सगळा नवा करार. दोन्हीकडे 'शुभवर्तमान' लिहिलं की मतभेद कशावर होता हेच वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद ५
'फादर फांडर' लिहू नका, ते प्रॉटेस्टंट होते: आधी बाझल मिशन, मग चर्च मिशनरी सोसायटी. मराठी ख्रिस्ती वहिवाटीत त्यांना 'रे.' (रेव्हरंड) लागेल. 'पाद्री'ही चालतो. तो शब्द पोर्तुगिजांचा. १५७९ मध्ये गोव्याहून अकबराकडे निघालेले रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे जेझुइट (कॅथलिक) सोबती उत्तरेत याच नावाने ओळखले गेले, आणि पुढे पंथ न पाहता तो सगळ्यांनाच लागला.

प्रश्नकर्ता
मग वाक्य असं करते: 'वादसभेत (मुनाझरा) निरसन आणि फेरफार हे दोनच विषय झाले, त्रैक्य, पैगंबरत्व आणि कुराण राहून गेले.'

प्रतिसाद ३
'फेरफार (तहरीफ)' असा कंस तिथेही द्या. बाकी ठीक.