क्रोमच्या मुलाम्याखाली खरोखर काहीच नव्हते का?

लोखंडी_चाक (धागालेखक):
दुसऱ्या एका धाग्यावर 'निर्विकार' यांनी लिहिले आहे की, 1950 च्या दशकातील कॅडिलॅक, लिंकन, इंपीरियल आणि पॅकार्ड या अमेरिकन आलिशान मोटारी म्हणजे क्रोमचा मुलामा चढवलेले पत्रे होते आणि आज त्यांच्यावर जीव टाकणारे लोक केवळ टेलफिन्सवर, म्हणजे गाडीच्या मागच्या पंखांवर, भाळलेले आहेत. हे वाचून राहवले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढतो आहे.

1948 च्या कॅडिलॅकला जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांच्या विभागाने दिलेले छोटे पंख लॉकहीडच्या पी-38 विमानावरून सुचले, ही गोष्ट सगळेच सांगतात. परंतु पुढच्याच वर्षी बॉनेटखाली जे इंजिन आले त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. 331 घनइंचांचे ते ओव्हरहेड व्हॉल्व्ह व्ही-8 (वर व्हॉल्व्ह असलेले आठ सिलिंडरचे इंजिन) आधीच्या इंजिनापेक्षा लहान, सुमारे 90 किलोंनी हलके आणि तरीही अधिक ताकदीचे, म्हणजे 160 अश्वशक्तीचे होते. 1950 मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी जवळजवळ जशीच्या तशी कॅडिलॅक फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली आणि ती दहावी आली. त्याच शर्यतीत तिसऱ्या आलेल्या ब्रिटिश अलार्ड गाडीतही कॅडिलॅकचेच इंजिन होते. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स तर रोल्स-रॉइसने परवाना घेऊन स्वतःच्या गाड्यांत बसवला. निव्वळ मुलाम्याचा परवाना कोणी विकत घेत नाही.

निर्विकार:
इंजिन उत्तम होते हे मान्य करतो, पण गाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. 1959 ची कॅडिलॅक 225 इंच, म्हणजे जवळजवळ पावणेसहा मीटर लांब, दोन टनांहून जड आणि 325 अश्वशक्तीची होती. आणि तिला थांबवण्यासाठी चारही चाकांना साधे, तापले की पकड सुटणारे ड्रम ब्रेक होते. कोलोरॅडोत एका परिचितांच्या अशाच गाडीतून घाट उतरताना पेडल हळूहळू खाली जाऊ लागले, जळक्या अस्तराचा वास आत आला आणि शेवटी त्यांनी खालचा गिअर टाकून, रस्त्याच्या कडेच्या खडीवर गाडी घालून ती कशीबशी थांबवली. मी मागच्या सीटवर होतो आणि त्या सीटला पट्टा नव्हता. अपघातात स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसून माणसे मरत होती, तेव्हा या कंपन्या दरवर्षी पत्र्याचा आकार बदलण्यावर पैसा ओतत होत्या. 1966 मध्ये सरकारने वाहनसुरक्षेचा कायदा केला, तेव्हा कुठे त्यांना जाग आली. ज्यांना या गाड्यांचे प्रेम आहे त्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

मिशिगनकर:
दोघेही कॅडिलॅकलाच धरून बसला आहात. खरी अभियांत्रिकी पाहायची असेल तर 1955 च्या पॅकार्डखाली वाकून पाहा. तिला नेहमीच्या स्प्रिंगा नव्हत्या; पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारे लांब टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) होते, त्यामुळे पुढच्या चाकाला बसलेला हादरा मागच्या चाकाकडे जाऊन तिथेच जिरत असे. आमच्या शेजाऱ्यांकडे पॅकार्डची पॅट्रिशियन होती. मागे आम्ही तिघे बसलो की गाडीचे बूड खाली जाई, मग साधारण सात सेकंद काहीच घडत नसे आणि त्यानंतर खालून विजेच्या मोटरची घरघर ऐकू येऊन गाडी आपोआप समतल होई. मिशिगनमधल्या शेल्बी टाउनशिपला पॅकार्डचे जुने चाचणी मैदान अजून जपलेले आहे, कोणी इकडे आल्यास अवश्य पाहावे. अशी कंपनी बुडाली, याचे दुःख कॅडिलॅकवाल्यांना कळणार नाही.

गॅरेजची_किल्ली:
पॅकार्ड बुडाली ती स्वतःच्या कर्माने. 1935 मध्ये वन-ट्वेंटी नावाची स्वस्त गाडी काढली, तिथेच तिची प्रतिष्ठा गेली. जी गाडी शेजारचा कारकूनही घेऊ शकतो, तिच्यासाठी श्रीमंत माणूस जास्तीचे पैसे का मोजेल?

मिशिगनकर:
उचलली जीभ लावली टाळ्याला, असे करू नका. महामंदीत पीअर्स-ॲरोसारख्या कंपन्या नामशेष झाल्या आणि पॅकार्ड तगली, ती याच वन-ट्वेंटीमुळे. घाव नंतरचे आहेत. कॅडिलॅकने 1949 मध्ये आणलेल्या इंजिनाला तोडीस तोड व्ही-8 पॅकार्डने थेट 1955 मध्ये आणले. त्यांच्या बॉड्या ब्रिग्ज ही कंपनी बनवत असे. ती 1953 च्या अखेरीस क्रायस्लरने विकत घेतली आणि पॅकार्डला घाईघाईने कॉनर अव्हेन्यूच्या अपुऱ्या जागेत बॉड्या बनवाव्या लागल्या. वर 1954 मध्ये तोट्यातल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीचे लोढणे गळ्यात घेतले.

गॅरेजची_किल्ली:
व्ही-8 ला सहा वर्षे उशीर झाला, ही चूक ब्रिग्जची की क्रायस्लरची? 1948 च्या पॅकार्डला लोक गरोदर हत्तीण म्हणत, तो आकारही कोणी बाहेरच्याने लादला नव्हता. तुमचे शेजारी भाग्यवान म्हणायचे, कारण मी हाताळलेल्या पॅकार्डमध्ये समतल करणाऱ्या मोटरचे स्विच इतके गंजले होते की गाडी उभ्या जागी वरखाली होत राही. विषय निघालाच आहे तर एक सांगतो. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमला हवेचे सस्पेंशन होते, तिची किंमत 13,074 डॉलर होती आणि त्या वर्षी जेमतेम 400 गाड्या बनल्या. ते सस्पेंशन गळते म्हणून बहुतेकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. माझ्या एका मित्राच्या गाडीत तर एका कार्यशाळेने न विचारता हेच केले आणि मूळ भाग भंगारात घातले. अशा गाडीला मूळ म्हणून मिरवणे हा शुद्ध खोटेपणा आहे.

मिशिगनकर:
विषय पॅकार्डचा चालला असताना एल्डोराडो मध्ये आणू नका. जून 1956 मध्ये डेट्रॉइटचा कारखाना बंद झाला आणि त्यानंतर स्टुडबेकरच्या साउथ बेंडच्या कारखान्यात जे बनले ते पॅकार्डचे नाव चिकटवलेले स्टुडबेकर होते. तुमचे स्विच साठ वर्षांनी गंजले, म्हणून मूळ रचना कुचकामी ठरत नाही.

ज्योत:
कंपन्यांच्या भांडणात या गाड्या घेणारी माणसे हरवली आहेत. ज्या काळात काळ्या अमेरिकन कुटुंबाला पैसे असूनही चांगल्या वस्तीत घर मिळत नसे, त्या काळात कॅडिलॅक ही अशी वस्तू होती की जी विकत घेऊन आपली मिळकत ते उघडपणे दाखवू शकत. मुष्टियोद्धे शुगर रे रॉबिन्सन यांची गुलाबी कॅडिलॅक न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये उभी राही, तेव्हा तिच्याभोवती जमणारी मुले टॉर्शन बार पाहायला जमत नव्हती. तो क्रोम त्यांच्यासाठी वरवरचा नव्हता.

शिवडीचा_भाचा:
माझे मामा शिवडीला जनरल मोटर्सच्या जोडणी कारखान्यात होते. 1954 मध्ये तो बंद झाला, कारण केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्यांना देशातच उत्पादन सुरू करण्यासाठी सरकारने मुदत घालून दिली होती. मुंबईत ब्युइक, शेवरोले दिसत राहिल्या, पण त्यानंतर दारासाठी रबरी पट्टी मिळवतानाही मालकांच्या नाकी नऊ येत. तिकडच्या पॅकार्डइतकेच दुःख आम्हालाही आहे, एवढेच नोंदवतो.

लोखंडी_चाक:
ब्रेकचे उत्तर देणे बाकी आहे. क्रायस्लरने क्राउन इंपीरियलला 1949 पासूनच डिस्क ब्रेक (ड्रमपेक्षा तापल्यावर अधिक भरवशाचे) दिले होते, 1951 मध्ये इंपीरियलवरच पॉवर स्टिअरिंग आणले, आणि 1956 मध्ये फोर्डने आघातात आत दबणारे खोलगट स्टिअरिंग चाक व दाराच्या पक्क्या कड्या दिल्या. कॅडिलॅकनेही 1962 मध्ये दुहेरी ब्रेक यंत्रणा (एक भाग निकामी झाला तरी दुसरा चालणारी) आणली, म्हणजे कायद्याच्या चार वर्षे आधी. सगळे 1966 पर्यंत झोपले होते, हे विधान म्हणूनच टिकत नाही.

निर्विकार:
इंपीरियलपुरते माझे शब्द मागे घेतो. पण तुमच्याच उत्तरावरून असे दिसते की डिस्क ब्रेक 1949 मध्ये डेट्रॉइटमध्येच उपलब्ध होते आणि तरीही दहा वर्षांनी सव्वातीनशे अश्वशक्तीची कॅडिलॅक ड्रमवरच विकली गेली. ज्ञान नव्हते म्हणून दिले नाही, असे आता तुम्हालाही म्हणता येणार नाही. ते पैसे कुठे गेले, हे तिच्या मागच्या बाजूला पाहिले की कळते.