मदत हवी आहे: थंडीत जाड तेल ओढताना गिअर पंप खडखडतो, दोष पंपाचा की सक्शन लाइनचा?

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचे औद्योगिक वंगणतेले मिसळून बॅरलमध्ये भरण्याचे लहान युनिट आहे. तयार माल साठवणीच्या टाकीतून २१० लिटरच्या बॅरलमध्ये भरण्यासाठी एक एक्स्टर्नल गिअर पंप (एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन दातेरी चाकांच्या खाचांतून तेल पुढे नेणारा) आहे. त्याची क्षमता मिनिटाला १०० लिटर असून तो १४४० आरपीएमच्या ५ हॉर्सपॉवर मोटारीला सरळ कपलिंगने जोडलेला आहे. सक्शन लाइन (टाकीतून पंपाकडे तेल आणणारा पाइप) २ इंची आणि सुमारे ९ मीटर लांब आहे, आणि टाकीतील तेलाची पातळी पंपापेक्षा साधारण दीड मीटर वर असते.

अडचण फक्त आयएसओ व्हीजी ४६० या जाड गिअर ऑइलची, आणि तीही डिसेंबर-जानेवारीत येते. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, हाच पंप दोन मिनिटांत बॅरल भरतो. थंडीत मात्र दोन-तीन दिवस टाकीत पडून राहिलेले तेल सकाळी १८ अंशांच्या आसपास असते. तेव्हा पंपात गोट्या फिरत असल्यासारखा आवाज येतो, डिस्चार्ज (तेल पंपाबाहेर पडते त्या बाजूच्या) गेजचा काटा थरथरतो आणि एका बॅरलला सहा-सात मिनिटे लागतात. त्या वेळी मोटारीचा अँपिअर वाढत नाही, उलट थोडा कमीच दिसतो. मिश्रणाच्या केटलमधून ताजी, कोमट बॅच टाकीत उतरलेली असेल, तर त्याच थंड सकाळी तोच पंप निमूटपणे काम करतो.

विक्रेत्याचे म्हणणे असे की गिअर झिजले आहेत, म्हणून मोठा पंप आणि साडेसात हॉर्सपॉवरची मोटार घ्यावी. मला ते पटत नाही, कारण गिअर आणि केसिंग यांच्यातील फट झिजेने वाढली असेल, तर त्या फटीतून मागे सरकणारे तेल पातळ असताना जास्त आणि जाड असताना कमी असते. म्हणजे झिजलेल्या पंपाने मे महिन्यात रडायला हवे होते, डिसेंबरात नव्हे.

म्हणून मी सक्शन लाइनचा हिशेब मांडून पाहिला. ४० अंशांना ४६० सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचे, म्हणजे तेलाच्या जाडपणाचे एकक) असलेले हे तेल १८ अंशांना सुमारे २,५०० सेंटिस्टोकवर जाते. इतक्या जाड द्रवाचा प्रवाह नळीत थराथराने सरकतो, आणि अशा वेळी दाबातील घट व्हिस्कॉसिटी, लांबी व प्रवाह यांच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. या सूत्राने मिनिटाला १०० लिटरसाठी एकट्या पाइपातच जवळपास १.९ बारची घट येते. नागपुरात हवेचा दाब एक बारपेक्षा किंचित कमी, आणि टाकीतील उंचीचे फार तर ०.१३ बार; तेव्हा जगातला कोणताही पंप लावला तरी तेवढे तेल त्या पाइपातून येणारच नाही. हा हिशेब बरोबर आहे का? आणि पाइप ३ इंची केल्यास एवढे पुरेल, की पंपाचा वेगही उतरवावा लागेल? आमच्याकडे बॉयलर नाही, त्यामुळे वाफेने लाइन गरम ठेवण्याचा पर्याय कृपया गृहीत धरू नये.

प्रतिसाद १ (बुटीबोरी, मेंटेनन्समधून निवृत्त)

हिशेब बरोबर आहे, पण कागदावर थांबू नका. पंपाच्या सक्शन फ्लँजजवळ व्हॅक्यूम गेज बसवा आणि थंड व कोमट अशा दोन्ही तेलांवर आकडे घ्या. जाड तेल ओढताना आवाज वाढतो, अँपिअर पडतो आणि माल कमी येतो, ही पंप उपाशी असल्याची, म्हणजे त्याला पुरेसे तेल मिळत नसल्याची खूण आहे. अँपिअर चढून ओव्हरलोड रिले पडू लागला असता, तर मी डिस्चार्जकडे बोट दाखवले असते. सक्शनच्या गाळणीची जाळी किती बारीक आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. पातळ तेलासाठी बसवलेली बारीक जाळी जाड तेलाला भिंतीसारखी आडवी येते. ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या सीलमधून) किंवा फ्लँजच्या पॅकिंगमधून हवा शिरत असली तरी असाच आवाज येतो. सांध्यांना बाहेरून घट्ट ग्रीस थापून पाहा, आवाज बदलला तर चोर सापडला.

एक गोष्ट न विचारता सांगतो. प्रवाह कमी करण्यासाठी कोणी डिस्चार्जचा व्हॉल्व्ह आवळत असेल, तर ती सवय आजच मोडा. हा सेंट्रिफ्युगल (फिरत्या पंख्याने द्रव ढकलणारा, व्हॉल्व्ह आवळला तर प्रवाह कमी करणारा) पंप नाही. प्रत्येक फेऱ्याला ठरलेले तेल तो पुढे ढकलणारच, आणि वाट बंद असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत किंवा काहीतरी तुटेपर्यंत दाब चढत राहतो. आतला रिलीफ व्हॉल्व्ह तेच तेल पंपातल्या पंपात फिरवतो, त्यामुळे तो जास्त वेळ उघडा राहिला की तेल आणि पंप दोन्ही तापतात.

प्रतिसाद २ (पाइपिंगचे काम करणारा, वाडी)

२ इंचावरून ३ इंचावर गेल्यास घट सुमारे एक पंचमांश होईल, म्हणजे तुमचे १.९ बार ०.३७ वर येतील. पाइपाला तेवढे पुरे, पंपाला नाही. १४४० आरपीएमवर दातांमधली खाच सक्शनच्या तोंडासमोर क्षणभरच उघडी असते आणि २,५०० सेंटिस्टोकचे तेल तेवढ्यात ती भरू शकत नाही. वेग ७२० वर आणा, घट ०.१९ बार होईल. व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावायची असल्यास ती कॉन्स्टंट टॉर्कची (कमी वेगातही तेवढाच जोर देणारी) घ्या, आणि कमी वेगात मोटारीचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो हे विसरू नका. बेल्ट-पुली स्वस्त पडते, पण बेल्टचा आडवा ताण पंपाच्या बेअरिंगवर येतो, त्यामुळे बाहेर वेगळे बेअरिंग दिल्याशिवाय ती लावू नये.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. आज सकाळी गेज बसवला. थंड तेलावर व्हॅक्यूम ४६० मिमी पारा, आणि दुपारी केटलमधील कोमट बॅच उतरल्यावर १०० मिमीच्या आसपास आला. गाळणीत कागदाचे तुकडे आणि वार्निशसारखा थर निघाला. ती धुतल्यावर बॅरलमागे अर्धा मिनिट वाचला, व्हॅक्यूम मात्र जवळपास तेवढाच राहिला. त्यावरून मी असे समजतो की पंप ओढण्याच्या मर्यादेला आधीच टेकलेला आहे, आणि अडथळा काढला की व्हॅक्यूम उतरण्याऐवजी प्रवाह वाढतो. डिस्चार्जचा व्हॉल्व्ह आवळण्याची सवय आमच्या भरणी विभागात होती, हे चौकशीत कळले. गेल्या वर्षी कपलिंगचे रबर दोनदा का फाटले, याचे उत्तर बहुधा तेच असावे.

टाकीपासून पंपापर्यंत ३ इंची लाइन टाकायची आणि ८ पोलची (सुमारे ७२० आरपीएमची) ३ हॉर्सपॉवरची मोटार लावायची, असे ठरवले आहे. बॅरलला सव्वाचार मिनिटे लागतील, जी उन्हाळ्यातल्या दोनपेक्षा जास्त असली तरी थंडीतल्या सातपेक्षा कमी आहेत. आता एकच शंका उरते. जुनी मोटार ११२ फ्रेमची (पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ११२ मिमी) आणि नवी १३२ ची, म्हणजे शाफ्टची उंची २० मिमी वाढते. अशा वेळी पंपाखाली मशीनिंग केलेली पट्टी देऊन अलाइनमेंट करणे टिकाऊ ठरते, की बेसप्लेटच नवी करून घ्यावी?