बॉक्स प्लॉट: हाताने काढला तर ३४ व्हिस्करमध्ये, पायथनमध्ये तोच आउटलायर! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका छोट्या प्रयोगाचा अहवाल लिहितोय आणि बॉक्स प्लॉटपाशी (आकड्यांचा पसारा पेटी आणि रेघांनी दाखवणारं चित्र) घोडं अडलंय. १२ जणांना एक कोडं सोडवायला लागलेला वेळ, मिनिटांत:

१२, १४, १५, १५, १६, १६, १८, २१, २२, २४, २५, ३४

हाताने केलं ते असं. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १७. खालच्या सहा आकड्यांचा मध्यक १५, वरच्या सहांचा २३. म्हणजे पेटी १५ ते २३, आयक्यूआर (पेटीच्या दोन टोकांतलं अंतर) ८. त्याची दीडपट १२, म्हणून वरची मर्यादा ३५. ३४ आत बसतो, तेव्हा व्हिस्कर (पेटीबाहेर निघणारी रेघ) थेट ३४ पर्यंत.

हेच आकडे मॅटप्लॉटलिबला (पायथनमध्ये आलेख काढणारी लायब्ररी) दिले की व्हिस्कर २५ वरच थांबतो आणि ३४ वर एकटा ठिपका येतो. आकडे पुन्हा तपासले, तेच आहेत. यात बरोबर कोण? ३४ हा आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूरचा आकडा) म्हणून काढून टाकायचा का? शिवाय मध्यकाची रेघ पेटीत बरीच खाली आहे, तर वरच्या मोठ्या भागात जास्त माणसं आहेत असं लिहिलं तर चालेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दोन्ही बरोबर. भानगड चतुर्थकं, म्हणजे पेटीची दोन टोकं, काढायच्या रीतीत आहे.

तुम्ही यादीचे दोन भाग करून प्रत्येकाचा मध्यक घेतलात. मॅटप्लॉटलिब तसं करत नाही. ते पहिल्या आकड्याला ० क्रमांक देतं, शेवटच्याला ११, आणि ११ च्या पाऊणपटीवर, म्हणजे ८.२५ व्या जागेवर तिसरं चतुर्थक शोधतं. ८ वर २२ आहे, ९ वर २४, त्यामुळे उत्तर २२.५. आता आयक्यूआर ७.५ आणि मर्यादा ३३.७५. तुमचा ३४ पाव मिनिटाने बाहेर पडला, बस्स. एक्सेलच्या क्वार्टाइल.ईएक्ससीने केलंत तर २३.५ येईल आणि मर्यादा जाईल ३६.२५ वर. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत तर एका घरातच दोन मतं: मूळ बॉक्सप्लॉट तुमच्यासारखा ३४ आत घेईल, आरमधलंच जीजीप्लॉट२ पॅकेज बाहेर काढेल. आरच्या क्वांटाइल फंक्शनमध्ये अशा ९ रीती आहेत.

आकडे भरपूर असले की हा फरक सहसा नगण्य होतो. १२ असताना मात्र अहवालात रीत लिहाच.

प्रतिसाद २

३४ ला हात लावू नका! संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांचा हा दीडपटीचा नियम म्हणजे ‘इथे जरा बघा’ एवढीच खूण. अगदी निर्मळ नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणातून १००० आकडे उचलले तरी सरासरी ७ ठिपके या मर्यादांबाहेर पडतात. त्यात चूक कुणाचीच नसते. घड्याळ उशिरा थांबवलं, मध्येच कुणी उठून गेलं, असं काही नोंदीत सापडलं तरच काढा, आणि काढलं हेही लिहा. नुसता ठिपका दिसला म्हणून आकडा उडवणं मला तरी पटत नाही.

पेटीबद्दल: दोन्ही भागांत माणसं सारखीच, साधारण पाव-पाव. तुमच्या यादीत १७ ते २३ मध्ये तिघंच आहेत: १८, २१, २२. भाग मोठा दिसतो कारण ते तिघं जास्त पसरलेत. ‘मध्यकाच्या वर वेळा जास्त विखुरलेल्या आहेत’ असं लिहा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, डोक्यात प्रकाश पडला. एक शेपूट राहिलं: १२ जणांचा दुसरा गटही आहे. दोन्ही पेट्या एकमेकींवर बऱ्याच येतात. ‘गटांत फरक नाही’ म्हणू का?

प्रतिसाद १

नाही. पेटी आकड्यांचा पसारा दाखवते, मध्यक किती पक्का आहे ते नाही. त्यासाठी खाचेचा बॉक्स प्लॉट असतो. खाच म्हणजे मध्यकाच्या दोन्ही बाजूंना १.५७ गुणिले आयक्यूआर भागिले माणसांच्या संख्येचं, म्हणजे १२ चं, वर्गमूळ. तुमच्या हातच्या आकड्यांवर हे सुमारे ३.६ येतं, म्हणजे खाच १३.४ ते २०.६. पेटीच सुरू होते १५ ला! खाच पेटीबाहेर जाऊन चित्र विचित्र दुमडलेलं दिसेल. घाबरू नका, आकडे कमी असल्याचं ते लक्षण आहे.

मी असतो तर पेटीवर सगळे १२ ठिपकेही काढले असते. तुमच्या यादीत १८ नंतर एकदम २१ आहे: खाली सातजणांचा एक घोळका, वर २१ ते २५ असा चौघांचा दुसरा. पेटीत ही फट अजिबात दिसत नाही. योगायोग असू शकतो, पण त्या चौघांत काही वेगळं होतं का?

धागाकर्ता

कोणी अशी कोडी आधी सोडवली होती याची नोंद वहीत आहे, पण तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ठिपके दोन रंगांत काढतो आणि चित्र इथेच डकवतो.