मदत हवी आहे: चार चॅनलचा अ‍ॅम्प, दारातले स्पीकर मुके आणि लाल दिवा

चौथागियर
दोन दिवस अडकलोय. चार चॅनलचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, आवाज वाढवणारा) डिकीत बसवला, चारही दारांतले स्पीकर त्याला जोडले. स्टिरिओ लावला की अ‍ॅम्पचा हिरवा दिवा क्षणभर लागतो आणि लगेच लाल होतो. आवाज शून्य. वायरिंग तीनदा तपासलं, सगळं बरोबर आहे. अ‍ॅम्पच खराब निघाला असं समजायचं का? परवा पहाटे घरच्यांना घेऊन लांब जायचंय आणि डॅशबोर्ड उघडा पडलाय. लवकर सांगा.

तारयंत्र
"सगळं बरोबर आहे" यावरून काहीच कळत नाही. अ‍ॅम्प किती वॉटचा? स्पीकर किती ओहमचे? सिग्नल आरसीएने (स्टिरिओमागच्या सिग्नलच्या जॅकने) घेतलाय की स्पीकरच्या वायरवरून? चॅनल ब्रिज केलेत का, म्हणजे दोन चॅनल एकत्र करून? पॉवरची वायर किती जाड, फ्यूज कुठे?

ढणढण
अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं. दहातल्या नऊ वेळा अर्थिंगच असतं. सीटच्या बोल्टला अर्थ दिली असेल तर काढा. पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा आणि तिथे रिंग टर्मिनल घट्ट आवळा. वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको.

चौथागियर
@तारयंत्र 50 वॉटचे चार चॅनल, क्लास एबी. स्पीकर सगळे 4 ओहम. स्टिरिओच्या मागे आरसीए आहेत, तिथूनच घेतलं. ब्रिज नाही. पॉवर 4 गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), फ्यूज आहे.
@ढणढण रंग घासूनच लावली आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून अ‍ॅम्पच्या अर्थपर्यंत मल्टिमीटरवर 0.05 व्होल्ट आले. म्हणजे अर्थ चांगली ना?

तारयंत्र
त्या मापावर विसंबू नका. लाल दिवा असताना अ‍ॅम्प करंट जवळजवळ घेतच नाही, मग फरक दिसणार कसा? गाणं मोठ्याने चालू असताना मोजलं तर त्याला अर्थ आहे. आणि फ्यूज "आहे" म्हणालात, कुठे ते नाही सांगितलंत.

सोनचाफा
दारांना आतून ब्यूटिलचे (पत्र्याचा कंप दाबणारे रबरी) शीट लावलेत का? माझ्या गाडीत अ‍ॅम्पपेक्षा जास्त फरक त्यानेच पडला. स्पीकरच्या मागच्या बाजूचा आवाज पत्र्याच्या भोकांतून पुढे येतो आणि पुढचा बेस खाऊन टाकतो. बाहेरच्या पत्र्यावर एक थर द्यायचा आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. दाराच्या तळाशी पाणी निघायची छिद्रं असतात, ती मात्र मोकळी ठेवा, नाहीतर दार गंजतं.

चौथागियर
ताई, आवाजच येत नाहीये. शीट नंतर बघेन.

जुनाकपलर
दाराच्या आत नवी वायर ओढलीत की कंपनीचीच वापरलीत?

चौथागियर
कंपनीचीच. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून नवी वायर जाईना. म्हणून डिकीतून चार जोड्या स्टिरिओच्या मागे आणल्या आणि दाराकडे जाणाऱ्या वायरना तिथेच जोडल्या. बरेच जण असंच करतात ना?

ढणढण
इथेच चुकलं. एवढा अ‍ॅम्प घेतला आणि पुढे कंपनीची केसासारखी वायर? ती जाळणार तुम्ही. चारही दारांत 16 गेज ओढा, अर्धवट काम करू नका.

जुनाकपलर
@ढणढण, हिशोब करून बोलू. 4 ओहमला 50 वॉट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. ती वायर 18 गेज तांब्याची धरली तर मीटरला सुमारे 0.02 ओहम. स्टिरिओपासून दार तीन मीटर, जाऊन-येऊन सहा, म्हणजे 0.13 ओहमच्या आसपास. पाव डेसिबलचं नुकसान. ते कानाला कळणारही नाही आणि वायर कोमटसुद्धा होणार नाही. सबवूफर असता तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

ढणढण
कागदावर सगळं ठीकच असतं. मी नवी वायर ओढली तेव्हा माझ्या कानांना फरक पडला.

बारावोल्ट
तुमचा वाद चालू द्या, त्यांच्या गाडीची तपासणी होऊ दे. चौथागियर, अ‍ॅम्पवरून चारही स्पीकरच्या वायर काढा, पॉवर, अर्थ आणि रिमोट (स्टिरिओकडून अ‍ॅम्प चालू करणारी वायर) तसेच ठेवा. मग स्टिरिओ लावा. दिवा हिरवा राहिला तर अ‍ॅम्प आणि अर्थ दोन्ही संशयातून सुटले. नंतर एकेक जोडी लावत जा, कुठली लावल्यावर लाल होतो ते लिहा.

चौथागियर
केलं. वायर काढल्यावर हिरवा आणि हिरवाच राहतो. पण कुठलीही एक जोडी लावली की लाल! चारही दारांचं तेच. पुढच्या डाव्या दाराचं पॅनल काढून स्पीकरच सोडवला, वायरची टोकं हवेत ठेवली, तरी लाल. चारही दारांत एकाच वेळी शॉर्ट कसा असेल? आता डोकं चालत नाही.

जुनाकपलर
आता उलगडलं बहुतेक. स्टिरिओच्या मागे जोडल्या म्हणालात. कंपनीची वायर कापून, दाराकडच्या टोकाला जोडलीत? की मध्येच सोलून वर पीळ मारला?

चौथागियर
सोलून पीळ मारला, वर टेप. कापली नाही, पुढे कधी अ‍ॅम्प काढावा लागला तर म्हणून.

जुनाकपलर
तिथेच आहे तुमचा दोष. त्या वायरचं दुसरं टोक अजून स्टिरिओच्या कपलरमध्ये (मागच्या प्लगमध्ये) आहे, म्हणजे एकाच वायरवर दोन अ‍ॅम्प बसलेत. स्टिरिओच्या आत छोटा अ‍ॅम्प असतोच, आणि त्याच्या प्लस-मायनस दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मा, साधारण 6 व्होल्ट, स्थिर दाब उभा असतो. त्याचं मायनस म्हणजे अर्थ नव्हे. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र प्रत्येक चॅनलचं एक टोक आतून अर्थला असतं. म्हणजे स्टिरिओचे ते 6 व्होल्ट सरळ अर्थला जातात आणि तुमच्या अ‍ॅम्पला बाहेरून डीसी आलेला दिसतो, म्हणून तो प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे लाल दिवा लावून स्वतःला बंद करतो. अ‍ॅम्प त्याचं काम चोख करतोय.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. मग पांढरी, करडी, हिरवी, जांभळी आणि त्यांच्या काळ्या पट्टीच्या जोडीदार, अशा आठही वायर कपलरपासून चार बोटं सोडून कापा. हे रंग बाजारातल्या स्टिरिओच्या हार्नेसचे. कंपनीचा स्टिरिओ असेल तर रंगांवर जाऊ नका, कपलरचा आराखडा बघा. दाराकडची टोकं अ‍ॅम्पच्या वायरना सोल्डर करा किंवा क्रिंप करा, नुसता पीळ नको. स्टिरिओकडची आठ टोकं वेगवेगळी टेप करा. दोन एकमेकांना लागली तर स्टिरिओचा आयसी (आतल्या अ‍ॅम्पची चिप) जाईल.

बारावोल्ट
मी तेवढ्यावरच थांबलो होतो, पुढचं जुनाकपलर यांनी पकडलं. कापायला जीव होत नसेल तर कपलरमधून त्या आठ पिना बाहेर काढता येतात, बारीक सपाट पेचकसाने कुलूप दाबलं की निघतात. पुन्हा बसवताही येतात.

नवासा
याच धाग्यात विचारतो. मला दोन चॅनलच्या अ‍ॅम्पवर चार स्पीकर चालवायचे आहेत, एका चॅनलवर दोन समांतर. चालेल का?

तारयंत्र
4 आणि 4 समांतर म्हणजे 2 ओहम. अ‍ॅम्पवर "2 ओहम स्टिरिओ" लिहिलं असेल तरच. ब्रिज करून तसंच जोडलं तर प्रत्येक चॅनलला 1 ओहम दिसतो, ते करू नका. बाकी वेगळा धागा काढा.

चौथागियर
हिरवा!!! आठही पिना काढल्या, टोकं सोल्डर केली. चारही दारं वाजतायत, दोन दिवसांनी. जुनाकपलर, बारावोल्ट, खूप आभार. कपलरकडचं टोक सांगायचं मला सुचलंच नाही, ते उघडच आहे असं वाटत होतं.
एकच शंका: पुढचे दोन एकत्र वाजले की बेस पातळ होतो. बॅलन्स पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे नेला की भरीव येतो.

बारावोल्ट
एका दाराचं प्लस-मायनस उलटं लागलंय. अ‍ॅम्पवरून त्या जोड्या काढा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलट. ट्वीटरवर हे करू नका. शिवाय हाय-पास (खालचा बेस अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेवा, दारातले छोटे स्पीकर खालचा बेस ओढत नाहीत.

सोनचाफा
आणि गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नल वाढवायची खुंटी) कानाने लावू नका. स्पीकर काढून 400 हर्ट्झचा टोन लावा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा आणि अ‍ॅम्पच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. 50 गुणिले 4 म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14. गेन हळूहळू वाढवा आणि 14 व्होल्टला थांबा.

तारयंत्र
तिसऱ्यांदा विचारतोय. फ्यूज कुठे आहे?

चौथागियर
उजवं दार उलट होतं, सरळ केलं, बेस आला. गेनही 14 व्होल्टला लावला.
फ्यूज डिकीत, अ‍ॅम्पच्या शेजारी. तिथे बदलायला सोपा म्हणून.

तारयंत्र
मग बॅटरीपासून डिकीपर्यंतची पूर्ण वायर फ्यूजच्या संरक्षणाविना आहे. फ्यूज वायरसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात किंवा सीटखाली ती घासून पत्र्याला टेकली, तर डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताच लागणार नाही आणि पूर्ण बॅटरीचा करंट गालिच्याखालून जाईल. बॅटरीच्या टर्मिनलपासून 45 सेंटिमीटरच्या आत बसवा, फायरवॉलला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) आहे का तेही बघा. घरच्यांना बसवण्याआधी करा. उद्या नको, आज.

चौथागियर
आताच खाली जाऊन आलो. ग्रोमेट नव्हतंच. भोकाच्या कडेवर वायरच्या आवरणाला चरा पडलाय, तांबं अजून दिसत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलंय. सकाळी दुकान उघडलं की ग्रोमेट आणि फ्यूज होल्डर आणतो, वायरचा तो तुकडा बदलतो, मगच निघेन.

चौथागियर
झालं. फ्यूज बॅटरीपासून 30 सेंटिमीटरवर, 40 अँपिअरचा. ग्रोमेट बसवलं. तारयंत्र, तीनदा विचारलंत म्हणून.